फेटा उतरल्यावर

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या फौजी गावांत निवृत्त होऊन आलेल्या जवानाचे स्वागत ठरलेल्या रीतीने होते. वेशीवर फलक लागतो, उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, हलगी कडाडते, डोक्याला फेटा बांधला जातो, सुवासिनी औक्षण करतात आणि सरपंच व मुख्याध्यापक चार शब्द बोलतात. दुसऱ्या दिवसापासून तो माणूस गावाचा ‘मेजर’ होतो. मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो वा हवालदार म्हणून. या रीतीत खोटे काही नाही. ज्या समाजाला आपल्या सैनिकाचे कौतुक वाटत नाही, त्या समाजाचे भवितव्य काय, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. प्रश्न मिरवणुकीचा नाही, मिरवणूक पांगल्यानंतरच्या दिवसांचा आहे.

सहा महिने जातात, वर्ष जाते. घरातल्या बाईच्या लक्षात येऊ लागते की, माणूस परत आला आहे, पण पूर्वी रजेवर येत असे तो हा नव्हे. रात्री कुत्रे भुंकले की तो ताडकन उठून बसतो. लग्नाच्या मांडवात तो भिंतीला पाठ लावून, दरवाजा दिसेल अशीच जागा धरतो. दिवाळीत फटाके सुरू झाले की काहीतरी निमित्त काढून मळ्यात निघून जातो. पोराने दप्तर जागेवर ठेवले नाही एवढ्यावरून घर डोक्यावर घेतो आणि नंतर दोन दिवस कुणाशी बोलत नाही. कँटीनची बाटली पूर्वी सणावाराला उघडत असे, ती रोज उघडू लागते. शेजारी म्हणतात, मिलिटरीचा माणूस, तापट असायचाच. सासू म्हणते, याला बाहेरचे काही झाले. आणि अंगारा येतो. ‘हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे’ हे वाक्य त्या घरात कुणीच उच्चारत नाही.

सगळ्यांच्या बाबतीत असे घडत नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. बहुसंख्य माजी सैनिक शेती, नोकरी, व्यवसाय सांभाळून गावाला शिस्त लावतात, तरुणांना भरतीसाठी पहाटे पळवतात, ग्रामपंचायतीत वजन राखून असतात. सैनिक म्हणजे बिघडलेल्या मनाचा माणूस, असे चित्र रंगवणे हा त्यांच्यावर दुहेरी अन्याय ठरेल. परंतु ज्यांच्या मनावर घाव झाला आहे ते संख्येने थोडे असले तरी त्यांचे दुःख थोडे नाही. आणि त्यांच्यासाठी जी व्यवस्था उभी आहे तिच्यात एक मूलभूत विसंगती आहे. सेवेत असताना मनाचा आजार लपवावा लागतो आणि सेवा संपल्यावर तोच आजार सिद्ध करावा लागतो. लपवणे आणि सिद्ध करणे या दोन टोकांच्या मधली सगळी वर्षे त्याची बायको, आई आणि मुले भोगतात.

युद्ध जिंकून आलेला माणूस मनाने मोडलेला असू शकतो, ही कल्पना या देशाला परकी नाही. कुरुक्षेत्र जिंकल्यानंतर धर्मराज सिंहासनाकडे पाठ फिरवून वनात जायला निघाला होता. कर्ण आपला सख्खा भाऊ होता हे कळल्यावर त्याला अन्न गोड लागेना, राज्य नकोसे झाले. भीमाने समजावले, अर्जुनाने समजावले, द्रौपदीने तर कठोर शब्दांत सुनावले. व्यास आणि श्रीकृष्ण पुढे आले. आणि अखेर शरशय्येवरच्या भीष्मांपाशी त्याला नेण्यात आले. महाभारतातील सर्वांत मोठे पर्व हे युद्धाचे नाही, युद्धानंतरच्या शांतीचे आहे. विजयी राजाचे मन ठिकाणावर आणण्यासाठी कुटुंब, मित्र आणि ज्ञानी माणसे एकत्र आली, ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. दुसरी गोष्टही ठाऊक आहे, ती अश्वत्थाम्याची. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो दारोदार तेल मागत फिरतो, असे सांगितले जाते. पहिल्याला पर्व मिळाले, दुसऱ्याला शाप. निवृत्त जवानाच्या वाट्याला यातले काय यावे, हे सर्वस्वी समाजाच्या हाती असते.

पाश्चात्त्य वैद्यकाने या जखमेला नाव द्यायला बराच वेळ घेतला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय लेखनात आला आणि व्हिएतनामनंतर, १९८० साली, आघातोत्तर तणाव विकार अशी स्वतंत्र नोंद अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या निदानग्रंथात झाली. त्याच पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण धारातीर्थी पडले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. जे परत आले, त्यांच्या रात्री कशा गेल्या याची नोंद मात्र कुठे नाही. स्तंभावर नावे मृतांचीच कोरायची असतात.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांतून परतलेल्यांचीही तीच कथा. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात गेलेल्या शांतिसेनेतील सुमारे १२०० जवान मृत्युमुखी पडले. परतलेल्यांचे स्वागत करायलाही त्या वेळी देशात फारसा उत्साह नव्हता. कारगिलचे तसे नव्हते. १९९९च्या उन्हाळ्यात ते युद्ध घराघरांतल्या दूरदर्शन संचावर पोहोचले होते आणि त्याच्या वीरांची नावे मुलांच्या तोंडी होती. पण घोषित युद्धापेक्षा अघोषित युद्ध मनाला अधिक पोखरते. काश्मीर आणि ईशान्येतील दहशतवादविरोधी मोहिमांत शत्रूला गणवेश नसतो, आघाडी नसते, पिछाडी नसते. भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या टोपलीकडेही संशयाने पाहावे लागते. अशा ठिकाणी अडीच-तीन वर्षे काढून आलेल्या माणसाच्या शरीराला सावधपणाची जी सवय जडते, ती एका रेल्वे प्रवासात कशी सुटावी?

त्यात घरची काळजी असते. जवान बर्फात उभा आणि गावी भाऊबंदांनी बांध कोरलेला, सातबाऱ्यावर भलतीच नोंद चढलेली, धाकट्या बहिणीचे लग्न अडलेले. कमांडिंग ऑफिसरने जिल्हाधिकाऱ्यांना जवानाच्या जमिनीबाबत पत्र लिहिणे ही लष्करातली नित्याची बाब आहे, यावरूनच या दुखण्याचे मूळ किती घरगुती असते हे ध्यानात यावे. संरक्षण राज्यमंत्र्यांनी जुलै २०२२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, त्याआधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतील ८१९ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत भूदलातील ६४२, वायुदलातील १४८ आणि नौदलातील २९ जण होते. समुपदेशक, योगवर्ग, रजेची सुलभ व्यवस्था, हेल्पलाइन असे उपाय योजल्याचे शासन सांगते आणि ते खरेही आहे. पलटणीच्या मंदिरातील धर्मगुरूंनाही समुपदेशनाचे प्रशिक्षण देण्याचे प्रयत्न झाले आहेत. जवान ज्याच्यापाशी मन मोकळे करतो अशाच माणसाला ते शिकवणे, ही कल्पना उत्तम आहे.

मग जवान बोलत का नाही? उत्तर त्याच्या वैद्यकीय श्रेणीत आहे. सैन्यात प्रत्येकाची तंदुरुस्ती ‘शेप’ या पाच इंग्रजी अक्षरांच्या सूत्राने मोजली जाते. कान, हातपाय, शारीरिक क्षमता, दृष्टी यांची अक्षरे नंतर येतात. पहिले अक्षर मनाचे आहे. ज्याने हे सूत्र बांधले त्याला मनाचे महत्त्व पुरेपूर कळले होते. परंतु जवानाच्या दृष्टीने ‘शेप-वन’ असणे म्हणजे बढती, कोर्स, चांगली नेमणूक, सेवेची मुदतवाढ. आणि पहिल्याच अक्षरापुढचा आकडा बदलणे म्हणजे या साऱ्यावर पाणी. त्याहून जिव्हारी लागते ते हे की, मनोविकाराचे निदान झालेल्याच्या हातून शस्त्र काढून घेतले जाते. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण ज्याची सगळी ओळख त्या रायफलीशी बांधलेली आहे, त्याला बरॅकमध्ये इतरांच्या देखत निःशस्त्र होणे मरणाहून अवघड वाटते. साहजिकच तो गप्प राहतो. झोप येत नसेल तर पाठदुखीचे औषध मागतो. छाती धडधडत असेल तर ईसीजी काढून घेतो. डॉक्टरला सगळे सांगतो, मूळ तेवढे सांगत नाही.

शिपाई दर्जाचा जवान पस्तीस ते चाळीस या वयात निवृत्त होतो. दरवर्षी असे सुमारे साठ हजार सैनिक सेवेबाहेर पडतात. ज्या वयात इतरांची कारकीर्द बहरू लागते, त्या वयात हा माणूस दुसरे आयुष्य सुरू करतो. बँकेच्या किंवा साखर कारखान्याच्या फाटकावर, काल आलेल्या पर्यवेक्षकाचा हुकूम ऐकत. निवृत्तीपूर्वी पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम असतात आणि ते उपयुक्तही असतात, पण त्यांचा भर साहजिकच नोकरी-व्यवसायावर असतो. घरी कसे परतावे, याचा अभ्यासक्रम कुणी आखलेला नाही. पलटणीत एका ताटात जेवणारे वीस-पंचवीस सोबती एका रात्रीत नाहीसे होतात. जे दुखणे त्या सोबतीने झाकून धरले होते, ते आता उघडे पडते.

आणि इथून ‘सिद्ध करा’ हा दुसरा अध्याय सुरू होतो. अपंगत्व निवृत्तिवेतन मिळायचे तर आजार सैनिकी सेवेमुळे उद्भवला किंवा सेवेमुळे बळावला, असे वैद्यकीय मंडळाने मान्य करावे लागते. मंडळाला तसे वाटले नाही तर कागदावर जो शेरा येतो त्याची इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की ‘नाना’ हा शब्द होतो. मराठी घरात नाना म्हणजे वडीलधारा आधार. इथे मात्र नाना आला की आधार गेला. मनोविकाराच्या बाबतीत हा शेरा विशेष सढळपणे पडत आला आहे. आजार जन्मजात घडणीचा आहे, सेवेशी त्याचा संबंध नाही, एवढे म्हटले की फाइल बंद होते. भरतीच्या वेळी ज्याला ठोकून बजावून, धावायला लावून, तपासून घेतले, त्याच्या मनात हा आजार पंधरा वर्षे दबा धरून बसला होता असे मानायचे आणि त्या पंधरा वर्षांत त्याने काय पाहिले याला मात्र महत्त्व द्यायचे नाही, हे तर्कट सामान्य माणसाच्या पचनी पडणारे नाही.

न्यायालयांतही या प्रश्नावर एकवाक्यता नव्हती. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच उद्भवला असे गृहीत धरले पाहिजे आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी शासनाची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अपस्माराच्या एका प्रकरणात म्हटले. २०१९ मध्ये स्किझोफ्रेनिया झालेल्या एका जवानाला त्याच न्यायालयाने हा लाभ नाकारला. मनोविकार भरतीच्या तपासणीत नेहमी उघड होतोच असे नाही, हे त्यामागचे एक कारण होते. मे २०२५ मध्ये मात्र, सुमारे नऊ वर्षे सेवा करून १९९८ साली स्किझोफ्रेनियामुळे बाहेर पडलेल्या एका जवानाच्या बाजूने निकाल लागला. वैद्यकीय मंडळाने कारणे न देता नोंदवलेले मत निवृत्तिवेतन नाकारण्यास आधार होऊ शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निकाल स्वागतार्ह आहे. पण १९९८ ते २०२५ म्हणजे सत्तावीस वर्षे. एवढ्या काळात घरातली मुले मोठी होऊन त्यांची लग्ने होतात.

दहा वर्षांचीही सेवा न झालेल्याला एकेकाळी अशक्तता निवृत्तिवेतनही मिळत नसे. ती अट २०२० मध्ये शिथिल झाली, पण ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरतीच. आधीचे तसेच राहिले.

या सवलतींचा गैरवापर होतो, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. केवळ जीवनशैलीतून आलेल्या आजारांवर अपंगत्वाचा लाभ घेणाऱ्यांकडे महालेखापरीक्षकांनीही बोट दाखवले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये अपंगत्वविषयक नवे नियम आले ते हेच कारण देऊन, आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांना तीव्र विरोध केला. गैरवापर रोखलाच पाहिजे. परंतु रक्तदाबाचा दाखला मिळवणारा आणि रात्री घरात पहारा देत बसणारा या दोघांना एकाच चाळणीत घालणे न्यायाचे नाही. पहिल्याजवळ कागद व्यवस्थित असतात, कारण त्याला लपवण्यासारखे काही नसते. दुसऱ्याजवळ कागदच नसतात, कारण बारा-पंधरा वर्षे तो दुखणे लपवत आलेला असतो. सेवा संपल्यानंतर प्रकटलेल्या आजाराचा दावा मांडण्याची वाट जुन्या नियमांतही होती. पण त्या वाटेवर चालायला जी शिदोरी लागते ती म्हणजे सेवाकाळातील नोंद, आणि तीच त्याच्यापाशी नसते.

दिसणाऱ्या जखमेच्या बाबतीत हा देश कृतघ्न नाही. खडकीला युद्धात अपंग झालेल्या जवानांसाठी १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज ही तंत्रशिक्षण संस्था आहे. तिथेच १९७४ पासून पक्षाघातग्रस्त जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. पाठीच्या कण्याला गोळी लागून कमरेखालचे शरीर निकामी झालेले जवान तिथे चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळतात, तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. शाळांच्या सहली तिथे जातात, मुली राख्या बांधतात. त्या राखीला अर्थ आहे. मात्र ज्याच्या कण्याला काही झालेले नाही आणि तरीही जो अंथरुणातून उठू शकत नाही, त्याच्यासाठी अशी सहल निघाल्याचे ऐकिवात नाही.

याहून मोठी विसंगती त्याच्या घरातल्या स्त्रीच्या वाट्याला येते. पती हुतात्मा झाला तर ती वीरपत्नी होते. व्यासपीठावर पहिल्या रांगेत तिला खुर्ची असते, तिच्या डोळ्यांतल्या पाण्याला सारा गाव मान देतो. पती जिवंत आहे पण मनाने परतलेला नाही, अशा स्त्रीसाठी मराठी भाषेत शब्दच नाही. तिच्या अंगावरचे वळ कुणी विचारत नाही. विचारले तरी ती सांगत नाही, कारण सांगणे म्हणजे गावाच्या मेजरची अब्रू काढणे. निवृत्तिवेतनाचा हिशेब ती ठेवते, मुलांना ‘बाबांना उठवू नका’ असे ती सांगते, सासूच्या अंगाऱ्यालाही ती नाही म्हणत नाही. त्याला चक्क आजारी म्हणायचे धैर्य पहिल्यांदा तिलाच करावे लागते. आणि तोवर ती स्वतःच आजारी पडलेली असते. उपचाराचा विचार करताना जवान आणि त्याचे कुटुंब असे दोन रुग्ण डोळ्यांपुढे ठेवावे लागतील. पहिल्याची गोळी वेळेवर जाते की नाही हे दुसऱ्यावरच अवलंबून असते.

सोयी अगदीच नाहीत असे नाही. १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेली ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना देशभरातील चारशेहून अधिक पॉलिक्लिनिकांतून चालते आणि निवृत्तिवेतनधारकाबरोबर त्याच्या अवलंबितांनाही उपचार देते. अडचण अंतराची आणि दारावरच्या पाटीची आहे. पॉलिक्लिनिकात सामान्यतः वैद्यकीय अधिकारी आणि दंतवैद्य भेटतात. मनोविकारतज्ज्ञाकडे जायचे तर शिफारसपत्र घेऊन मोठ्या शहरातले नोंदणीकृत रुग्णालय गाठावे लागते. देशातच मनोविकारतज्ज्ञ लाख लोकसंख्येमागे एकही नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे आढळले होते की, निरनिराळ्या मनोविकारांनी पीडित असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जत किंवा माण तालुक्यातल्या स्त्रीने, यायलाच तयार नसलेल्या नवऱ्याला घेऊन दोन एसटी बदलत पुण्याला जावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते.

म्हणूनच दूरध्वनीवरील मदतीला महत्त्व आहे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेली-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य मिळते आणि मराठीतही मिळते. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा खास कक्ष पथदर्शी स्वरूपात सुरू झाला. लष्कराच्या भाषेतले शब्द ज्याला समजावून सांगावे लागत नाहीत, असा माणूस दुसऱ्या टोकाला असणे ही मोठी गोष्ट आहे. पण गावोगावच्या फलकांवर आमदारांपासून वाढदिवसाच्या बाळापर्यंत सर्वांची छायाचित्रे झळकतात, तिथे हा पाच आकडी क्रमांक क्वचितच दिसतो.

अमेरिकेचे अनुकरण करावे असे बरेच काही नाही, पण एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे. व्हिएतनामहून परतलेले सैनिक सरकारी रुग्णालयांत पाऊल टाकीनात, तेव्हा १९७९ साली तिथे ‘व्हेट सेंटर’ नावाची छोटी केंद्रे सुरू झाली. ती रुग्णालयात नसून वस्तीत, बाजारपेठेत आहेत. तिथे बोलायला बसणाऱ्यांत अनेक जण स्वतः माजी सैनिक असतात. बायको-मुलांनाही तिथे प्रवेश आहे. आणि मर्माची बाब अशी की, तिथल्या बोलण्याची नोंद सैनिकाच्या संमतीवाचून त्याच्या खात्याकडे जात नाही. आज अशी सुमारे तीनशे केंद्रे आहेत. एवढे करूनही त्या देशात दरवर्षी सहा हजारांहून अधिक माजी सैनिक आत्महत्या करतात. तेव्हा हा काही रामबाण नव्हे. परंतु तो आकडा जगाला कळतो, कारण ते शासन दरवर्षी तो मोजून प्रसिद्ध करते. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आत्महत्याविषयक वार्षिक अहवालात ‘निवृत्त व्यक्ती’ असा एक रकाना आहे. त्यात निवृत्त शिक्षक, निवृत्त कारकून आणि निवृत्त सैनिक एकत्र पडतात. ज्याचा हिशेबच ठेवला जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कशी व्हायची?

महाराष्ट्राला तर फार दूर पाहण्याचेही कारण नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून हे दाखवून दिले आहे की, दारू सोडवायची तर बाटलीबरोबर घराचाही विचार करावा लागतो. व्यसनी माणसांच्या पत्नींचा ‘सहचरी’ हा गट तिथे त्यातूनच उभा राहिला. हेच सूत्र फौजी गावांत नेता येईल. बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे माजी सैनिकांचे मेळावे भरतात, वीरमाता-वीरपत्नींचे सत्कार होतात, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनासाठी निधी जमतो. या मेळाव्यांत निवृत्तिवेतनाच्या तक्रारींचे टेबल असते. त्याच्या शेजारी पडदा लावलेली एक खोली असावी. तालुक्यातले दोन-तीन शहाणे, शांत स्वभावाचे माजी सुभेदार निवडून त्यांना ऐकून घेण्याचे प्रशिक्षण द्यावे. जवान मानसोपचारतज्ज्ञापुढे तोंड उघडणार नाही, पण सुभेदारसाहेबांनी चहाला बोलावून ‘झोप लागते का रे?’ असे विचारले तर त्याच्या तोंडून खरे येते. स्त्रियांसाठी वेगळी बैठक हवी, आणि ती सुभेदारसाहेबांच्या नव्हे, एखाद्या जाणत्या सुभेदारणीच्या घरी. वर्षातून एकदा फेटा बांधणारी गणेश मंडळे आणि तालमी महिन्यातून एकदा मळ्यापर्यंत चक्कर मारू शकतात.

शासनाच्या अखत्यारीतली गोष्ट वेगळी. सेवेत असतानाच समुपदेशनाची नोंद वैद्यकीय श्रेणीच्या कागदापासून निराळी ठेवली, शस्त्राचा प्रश्न उद्भवेल तेवढीच बाब वरिष्ठांपर्यंत नेली आणि बाकीचे बोलणे बोलणाऱ्याचेच राहू दिले, तर लपवण्याचे निम्मे कारण संपते. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत मनाची तपासणी खरोखर व्हावी, तिथे पत्नीचेही ऐकून घ्यावे, आणि नंतर एका व तीन वर्षांनी पॉलिक्लिनिकातून पुन्हा विचारपूस व्हावी. असे झाल्यास दावा करणाऱ्याला शून्यातून पुरावा उभारावा लागणार नाही आणि खोटा दावा करणाऱ्याचीही वाट अडेल. गैरवापराची धास्ती असलेल्या लेखापालांनाही यात अडचण वाटू नये.

यात अग्निवीरांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार चार वर्षांनंतर चौघांपैकी एकच कायम होतो. उरलेले सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येतात. योजनेच्या घोषित अटींनुसार त्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी शंभर, पंचाहत्तर व पन्नास टक्के अशा तीन पायऱ्यांवर ४४, २५ व १५ लाख रुपयांची एकरकमी मदत आहे. पायात सुरुंग फुटला तर ही पायरी मोजता येते. डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ संपताना पुरी होतात. त्यांतल्या एखाद्याची तेविसाव्या वर्षी मिरवणूक निघेल आणि पंचविसाव्या वर्षी त्याची झोप उडेल, तेव्हा त्याच्या आईने कोणत्या खिडकीपाशी जायचे? त्याला पॉलिक्लिनिक बंद असले तरी पुण्याचा टेली-मानस कक्ष आणि जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय ही दोन दारे त्याच्यासाठी उघडी आहेत, असे लेखी जाहीर करता येण्यासारखे आहे. त्यासाठी संसदेत कायदा बदलावा लागत नाही. केंद्राचे एक परिपत्रक आणि राज्याचा एक शासन निर्णय एवढ्यावर ते काम होते.